परत आलेल्या डब्यांचं घर

२ नोव्हेंबर

डायरी लिहिणं हे पाद्र्यांचं आणि रिकामटेकड्यांचं काम, असं मी जन्मभर म्हणत आलो. पाद्री मी नाही, म्हणजे काय ते समजून घ्या. ऑगस्टपासून घरी आहे. अरीमा गावच्या हार्डवेअरच्या दुकानात एकतीस वर्षं रंग कालवले. आता तिथे मशीन आलंय. त्याला रंग दाखवायचा, ते डोळा मिचकावतं आणि मापं सांगतं. मालक म्हणाले, "सिप्रियन, आता आराम करा." आराम कसा करतात हे मात्र कोणी सांगितलं नाही. वही जोसेटनं पाठवली. "पप्पा, मनातलं लिहीत जा," म्हणाली. मुलगी ब्रुकलिनला गेल्यापासून फार शहाणी झालीय.

काल थडग्यांवर मेणबत्त्या लावायचा सण, संध्याकाळी आईच्या थडग्यावर लावून आलो. सगळं अरीमा तिथे लोटलं होतं, पोरंटोरं मेणाचे गोळे करत होती. मी एकटाच. सांडलेलं मेण पुसायला यूला दरवर्षी जुनं फडकं घेते. मी विसरलो आणि बोट भाजून घेतलं.

यूला म्हणजे माझी बायको. जोसेटच्या बाळंतपणाला सहा महिन्यांसाठी म्हणून गेली, त्याला आता दोन वर्षं आणि चार महिने झाले. बाळ चालायला लागलं, बोलायला लागलं. फोनवर माझा आवाज ऐकून "हा कोण?" असं विचारतं.

३ नोव्हेंबर

रविवार, फोनचा दिवस. मी नेहमीप्रमाणे विचारलं, "कधी येतेस? ख्रिसमसला तरी ये." ती नेहमीप्रमाणे म्हणाली, "बघू." पण आज तेवढ्यावर थांबली नाही. "सिप, खरं सांगू? त्या घराची आठवण झाली तरी माझा जीव उदास होतो. आत शिरलं की अंगावर येतं ते घर."

मी विचारलं, "घर म्हणजे काय? छप्पर? जमीन?"

"मला नाही सांगता येत. भिंतीच अंगावर येतात."

माझ्या डोक्यावरचं केवढं ओझं उतरलं! मी दोन वर्षं काय काय मनात आणत होतो. भिंतींचं दुखणं आहे होय! मग तर ते माझ्याच हातात आहे. अख्ख्या अरीमाच्या उदास भिंती ज्यानं हसवल्या, त्याच्या बायकोला भिंतींचा त्रास? ख्रिसमसला सात आठवडे आहेत. तसंही ख्रिसमसच्या आधी इथे कोण घर रंगवत नाही?

५ नोव्हेंबर

आज वही घेऊन घरभर फिरलो आणि एकेका भिंतीची नोंद केली. बाहेरच्या खोलीला क्वेनेल बाईंच्या मुलीच्या लग्नाचा गुलाबी आहे. "हा गुलाबी नाही, उकडलेला हॅम आहे," म्हणून त्यांनी डबे परत केले होते. झोपायच्या खोलीला चर्चच्या कचेरीचा हिरवा. फादरना तो दवाखान्यासारखा वाटला. स्वयंपाकघराला शाळेचा करडा आणि कोणाचा तरी उरलेला तपकिरी, दोन्ही एकत्र करून. जिन्याखाली काय आहे ते मलाही आठवत नाही.

एकतीस ख्रिसमस मी घर रंगवलं आणि एकही डबा विकत घेतला नाही. चुकीचा कालवलेला, गिऱ्हाइकानं नाकारलेला रंग मालक मला देऊन टाकायचे. लोक टाकतात ते आपण वापरायचं, यात मला फार अभिमान वाटायचा. यूला काही बोलायची नाही. ब्रश धुऊन द्यायची.

९ नोव्हेंबर

कामाला पद्धत हवी. दुकानात कोणी आलं की मी आधी शेडकार्ड दाखवायचोच नाही. बोटाएवढ्या कागदावर बघून भिंत रंगवणारे मूर्ख असतात. मी आधी विचारायचो: खिडकी कुठल्या बाजूला? तिथे कोण बसतं, किती वाजता? बसून काय करतं? त्या माणसाला घरात काय बघून बरं वाटतं? नवरा-बायकोची भांडणं असतील तर लाल जवळ येऊ द्यायचा नाही. म्हातारं माणूस असेल तर निळ्यात गारठा वाटतो, त्यात थोडी माती घालायची. अंधाऱ्या खोलीला पांढरा दिला की ती अजूनच आजारी दिसते. लोक म्हणायचे, सिप्रियन म्हणजे भिंतींचा डॉक्टर.

तर आज तेच प्रश्न कागदावर लिहून यूलाच्या नावानं उत्तरं लिहायला बसलो.

ती कुठल्या खिडकीशी बसते? शिवणाचं मशीन मागच्या खोलीत आहे, म्हणजे तिथे. दुपारी शिवण संपल्यावर? माहीत नाही, मी दुकानात असायचो. काय बघून तिला बरं वाटतं? कागद तासभर समोर होता. शेवटी उठून भांडी घासली.

१० नोव्हेंबर

युक्ती सुचली. तिचं कपाट उघडलं. बाईचे कपडे बघितले की तिचा रंग कळतो, हे मी किती नवऱ्यांना सांगितलंय. आत सहा झगे राहिलेत. तीन तपकिरी, दोन गडद निळे, एक राखाडी. बाकी हँगर रिकामे. म्हणजे झालं, बाईसाहेबांना तपकिरी आवडतो! इतकी वर्षं माझ्या लक्षात कसं आलं नाही?

फोनवर म्हटलं, "घर रंगवतोय. तुझ्यासाठी. कुठला रंग देऊ सांग."

"तुला आवडेल तो दे. नाहीतरी तूच ठरवतोस."

किती विश्वास आहे तिचा माझ्यावर. मी म्हटलं, "मग कॉफीचा देतो. दूध घातलेल्या कॉफीचा. तुझ्या चर्चच्या झग्यासारखा."

मग जोसेटनं फोन घेतला. "पप्पा, मम्मी जे कपडे मागे ठेवून आली, ते तिला आवडत नव्हते म्हणून ठेवून आली."

मी म्हटलं, लाइन खराब आहे, नंतर बोलू. लाइन चांगली होती.

१६ नोव्हेंबर

पाऊस. भिंतींच्या भेगांत लांबी भरायचं काम थांबलंय. सूप केलं, तेही दोघांचं झालं. मला एकट्याचं सूप करता येत नाही.

२१ नोव्हेंबर

आज लिहायला हात वळत नाही, पण लिहितो.

हट्टानं बाहेरच्या खोलीत कॉफीचा एक चौकोन मारलाच होता. म्हटलं, जोसेटला काय कळतंय? सकाळी शेजारची राजदई मुरंब्याची बाटली घेऊन आली. ती दारात उभी राहून आधी चौकोनाकडे, मग माझ्याकडे बघायला लागली.

"काय शेजारी, शवपेटी आतून कशी दिसते ते बघायचंय का?"

"यूलासाठी आहे. तिला घर उदास वाटतं."

"आणि हे लावल्यावर ती नाचत येणार?" ती खुर्ची ओढून बसली. "तिला कुठला रंग आवडतो ते तुला माहीत नाही? खरंच माहीत नाही?"

"तुला माहीत असेल तर सांग. कोडी घालू नकोस."

"माझ्या स्वयंपाकघराचा."

मी हसलो. राजदईच्या स्वयंपाकघराचा पिवळा मीच कालवतो. वीस वर्षं दर डिसेंबरला. माझ्या कार्डांच्या पेटीत तिच्या नावाचं कार्ड आहे. दोन मापं मातकट पिवळा, पाऊण माप पांढरा, लालाचे चार थेंब, काळ्याचा एक. झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. मी म्हटलं, "बायकांचं असंच. शेजारणीचं ते चांगलं."

राजदई हसली नाही. "शेजारणीचं नाही रे. तिचंच आहे ते. तू विसरलास?"

मग तिनं सांगितलं. वीस वर्षांपूर्वीचा डिसेंबर. दुकानात दारापर्यंत रांग. यूला रांगेत उभी होती, हातात कागदाची पुडी. तिची पाळी आली तशी तिनं काउंटरवर पुडी उघडली. आत ख्रिसमसला केळीच्या पानात उकडतात त्या पस्तेलसाठी आणलेलं मक्याचं पीठ होतं. म्हणाली, "सिप, मला स्वयंपाकघराला असा रंग हवा." आणि म्हणे मी पुडी वर धरून सगळ्या रांगेला दाखवली. "बघा हो, माझी बायको रंगाच्या दुकानात पीठ घेऊन आली! उद्या हॅम घेऊन येईल!" रांग हसली. मग आपली कला दाखवायची म्हणून मी तो रंग कालवला, अगदी हुबेहूब. आणि यूलाला म्हणालो, "घरी परत आलेले सहा डबे पडलेत, ते कोण लावणार?" आणि तो डबा मागे उभ्या असलेल्या राजदईला विकला.

"मी नको म्हणत होते," राजदई म्हणाली. "यूलाच म्हणाली, घे. निदान बघायला तरी मिळेल. तेव्हापासून रोज दुपारी शिवण संपलं की ती माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसायची. तू दुकानातून यायच्या आत उठून जायची. मी म्हणायचे, अगं, एकदा त्याला सांग. म्हणायची, एकदा सांगितलंय."

मला यातलं काहीही आठवत नाही. दुपारपासून आठवायचा प्रयत्न करतोय. रांग आठवते, गर्दी आठवते. त्या वर्षी हिरव्याचे डबे संपले होते तेही आठवतं. पुडी आठवत नाही. मी वाईट माणूस आहे असं मला कधी वाटलं नव्हतं. मी तिच्यावर हात उगारला नाही, दारू प्यायलो नाही, पगार घरात आणला. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो दिवा मीच, आणि अंधारात ती बसली होती.

२२ नोव्हेंबर

कॉफीचा चौकोन घासून काढला.

२५ नोव्हेंबर

दुकानात गेलो. सगळे "सिप्रियन आले, सिप्रियन आले" करत होते. मशीनवर आता एक मुलगी आहे, नखं रंगवलेली, हुशार. मी त्या पिवळ्याचं कार्ड पुढे केलं. ती म्हणाली, "अंकल, मापं नकोत, नमुना द्या, मशीन वाचेल." मी म्हटलं, "बेटा, आज मी हातानं कालवणार. तू हवं तर बघ." मालकांनी लांबून मान हलवली.

काळ्याचा थेंब बरोबर एकच पडला. दोन पडले की सगळं मेलंच. काडी बुडवून कागदावर ओढली, वाळवली. ओला रंग फसवतो, वाळल्यावर एक पायरी गडद होतो. बरोबर होता. मी खिशातून कागदाची पुडी काढली, माझी स्वतःची, मक्याचं पीठ आदल्या दिवशीच आणलं होतं. शेजारी धरून बघितली. कोणी हसलं नाही. खरं म्हणजे कोणी बघतही नव्हतं.

मुलीनं झाकणावर चिकटवायची चिठ्ठी काढली. "नाव काय टाकू? सिस्टममध्ये हा रंग 'राजदई' म्हणून आहे."

"यूला टाक," मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतःच्या घरासाठी रंग विकत घेतला.

१ डिसेंबर

फोन. आठवडाभर वाक्यं जुळवून ठेवली होती, ती सगळी विसरलो. एकदम म्हटलं, "यूला, तू पुडीत पीठ घेऊन आली होतीस."

ती म्हणाली, "तुला कोणी सांगितलं?"

"राजदईनं."

"तुला स्वतःला नाही आठवत."

"नाही."

"बरं झालं, खोटं नाही बोललास." मागे बाळ काहीतरी आपटत होतं. "त्या दिवशी मी चालत घरी आले. पुडी मुठीत होती. त्याच पिठाचे पस्तेल केले. तू सात खाल्लेस. म्हणालास, यंदा फार छान झालेत."

मी म्हटलं, "मला माफ कर." तिनं बरं म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही. "थंडीत जपून राहा" म्हणाली. इथे कुठली आलीय थंडी?

८ डिसेंबर

स्वयंपाकघर झालं. करडा इतका मुरला होता की आधी प्रायमर आणि वर पिवळ्याचे दोन हात द्यावे लागले. ओट्यामागे तर तीन. खांदा धरलाय. पण काय सांगू! सकाळी पाहिलं तर शांत, जरा मलूलच, मला वाटलं फसलं. दुपारी तिरपं ऊन मागच्या भिंतीवर आलं तसा रंग भाजल्यासारखा गरम झाला. माझ्या हातालाही त्याचा रंग आला. मी ब्रश ठेवला आणि स्टुलावर बसलो. इतकी वर्षं मी हा रंग दुसऱ्याच्या घरी पाठवला.

वाटलं, हे बघून तरी ती येईल. येईलच.

१५ डिसेंबर

फोनवर मी एका दमात सांगून टाकलं. स्वयंपाकघर झालं, बाहेरची आणि मागची खोलीही त्याच रंगाची, जिना फिकट केला. "आता नाही अंगावर येणार घर. तू फक्त ये."

ती म्हणाली, "सिप, इथे जोसेटनं मला लहानशी खोली दिलीय, ठाऊक आहे ना? तिला मी तोच रंग दिलाय. पहिल्याच महिन्यात."

"कोणी कालवला?"

"दुकानात मशीन आहे. मी पुडी नेली. त्या माणसानं मशीनखाली धरली, काही बोलला नाही."

"किती हात दिले?"

"दोन. मीच दिले. दोन दिवस लागले."

मी विचारलं, कडेला पट्टी लावली होती का, रोलर की ब्रश. तिनं सगळं सांगितलं. रंगारी बोलतात तसं आम्ही बोललो. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, ती ख्रिसमसला येणार की नाही हे तिनं सांगितलं नाही. आणि मी विचारलंही नाही. तिला ब्रश धरता येतो हे मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं तिनं माझे ब्रश धुतले.

१८ डिसेंबर

आज काही केलं नाही.

२१ डिसेंबर

राजदई बघायला आली. सगळं घर फिरली, हात मागे बांधून, इन्स्पेक्टरसारखी. "चांगलं झालंय, शेजारी. तुझी झोपायची खोली तेवढी राहिली. तिला कुठला?"

"यूला म्हणेल तो."

"ती तिथे झोपत नाही. तू झोपतोस. तुला कुठला आवडतो?"

मी म्हटलं, सांगतो. अजून सांगितलेलं नाही. ख्रिसमसला चार दिवस राहिलेत आणि फादरचा हिरवा तसाच आहे. लोकांना हजार रंग निवडून दिले, माझा मला सापडेना. हसू नका, पण मी तेच चार प्रश्न स्वतःला विचारले. तिथे कोण बसतं, किती वाजता? मी. सगळ्या वेळी. याला कुठला रंग द्यावा हे माझ्या विद्येत नाही. मला तिची फार आठवण येते, एवढंच कळतं.

२४ डिसेंबर

नवे पडदे. सगळी गल्ली आज पडदे लावते, घराघरातून रंगाचा, हॅमचा वास. लांब दांडी एकट्यानं चढत नाही. एक टोक अडकवावं तर दुसरं सुटतं. चार वेळा केलं. शेवटी खिडकीतून राजदईला हाक मारली. ती हाताला पीठ लागलेलं तशीच आली, दुसरं टोक धरलं, आणि जाताना पाठीवर हात ठेवून गेली. दोन मिनिटांचं काम होतं.

विमानतळावरून कोणी आलं नाही. फोनही आला नाही. मी दुपारपर्यंत फाटकाकडे बघत होतो, ते लिहायला लाज वाटते, पण जोसेट म्हणाली होती मनातलं लिहा.

२५ डिसेंबर

सकाळी चर्चहून आल्यावर गल्लीतले लोक घरोघर फिरतात, तसे माझ्याकडेही आले. सॉरेलचं लाल सरबत आणि केक दिला. राजदईचा नवरा म्हणाला, "अरे, हे तर आमचं स्वयंपाकघर!" राजदईनं त्याच्या पायावर पाय दिला. क्वेनेल बाई म्हणाल्या, "यूला कुठाय?" मी म्हटलं, "ब्रुकलिनला." आज पहिल्यांदा त्यापुढे "येईल लवकरच" असं जोडलं नाही. ते आपोआपच राहिलं.

सगळे गेल्यावर मी फोन केला. शुभेच्छा झाल्या, बाळानं "हॅपी ख्रिसमस" म्हटलं, "हा कोण" नाही विचारलं. मग यूला आली. मी दोन वर्षं प्रत्येक रविवारी "कधी येतेस" विचारत आलोय. आज म्हटलं, "यूला, तू परत येणार आहेस का?"

तिनं खोलीचं दार लावून घेतल्याचा आवाज आला. मीही घाई केली नाही.

"नाही, सिप."

"बरं."

"तुझ्यावर राग नाही आता. पण नाही."

"बरं," मी पुन्हा म्हटलं. स्वयंपाकघरात जाऊन स्टुलावर बसलो. रडू येत होतं, ते येऊ दिलं. तिलाही ऐकू गेलं असेल. तिनं फोन ठेवला नाही.

थोड्या वेळानं म्हणाली, "भिंती कशा दिसतात?"

मी सांगायला लागलो. सकाळी पहिल्यांदा चुलीच्या बाजूला कसा फिका दिसतो. ढग आला की कसा मातीकडे झुकतो. पाऊस पडताना तर चक्क हिरवट वाटतो, पण वाईट नाही. दुपारी ऊन मागच्या भिंतीवर येतं, तेव्हा ओट्यावरची भांडीसुद्धा पिवळी होतात, आणि खुर्चीची सावली तेवढी निळी पडते. दिवा लावल्यावर जरा लाल होतो, त्याला मी बल्ब बदलणार आहे. मी इतका वेळ कधी तिच्याशी बोललो नव्हतो आणि तिनं मध्ये एकदाही "बघू" म्हटलं नाही.

माझं सांगून संपलं.

ती म्हणाली, "दुपारचं परत सांग."

मी परत सांगितलं.